हैबतजी धुमाळांच्या गोंदलेल्या बाहूची बखर

श्री आदिमाया प्रसन्न असो, लिहिणाराचा हात न अडखळो. शके सोळाशे एकोणनव्वद, सर्वजितनाम संवत्सरी जे वर्तले ते येणेप्रमाणे. राज्यी नवे महाराज गादीवर बसले आणि आज्ञा केली की, अंगरक्षकांनी उजव्या बाहूवर खांद्यापासून मनगटापर्यंत राज्याची वेल गोंदून घ्यावी, अंगरख्याच्या बाहीसारखी भरगच्च दिसावी, मध्ये परकी खूण नसावी, असेल ती डागून काढावी. हे ऐकोन हैबतजी धुमाळ म्हणोन जुना अंगरक्षक होता तो मनी फार खचला. कारण की, त्याचे बाहूवर दोन गोंदणे आधीच होती. मनगटापाशी तुळस, ती बाळपणी आईने गोंदविली. आणि कोपराचे वर एक घोडा, तो जिवलग मित्र सुभानजी काटे याने वेढ्यात बसल्या बसल्या बाभळीच्या काट्याने व काजळीने काढिला, आणि तिसरे दिवशी किल्ल्याचा दरवाजा राखता सुभानजी ठार जाहला. घोडा वाकडा होता, लोक बोकड म्हणत. परंतु मित्राचे हातचे तेवढेच उरले होते. मग हैबतजी चाकरी सोडावयाचे ठरवोन, निरोपापूर्वी एकवार विचारावे म्हणोन गोंदणारी चिमाई इजकडे गेला. चिमाई साठीची, नजर तीक्ष्ण. तिने बाहू उलटापालटा करून पाहिला आणि बोलिली, "डागायचं कशाला, बाबा? आधी होतं ते बसलेलंच राहील. नव्यानं सरकून जागा करावी. आठ दिवस दे."

मग तिने कोळशाने वेल रेखिली, तो पाने घोड्याचे पायात गुंतली. "हा तर फासात सापडला," म्हणोन पुसोन टाकिली. दुसरी रेखिली ती चांगली दिसे, परंतु कोपर वाकविताच फुलाचे तोंड वेडेवाकडे होई. मग तिने हैबतजीस तलवार उपसावयास सांगितले, लगाम धरावयास सांगितले, भाकर मोडावयास सांगितले, आणि कातडे कोठे ताणते, कोठे दुमडते हे पाहत बसली. सहावे दिवशी वेल तुळशीचे बुडापासोन उगविली, कोपरास वळसा घालोन वर गेली, घोड्याभोवती मोकळे रान ठेविले, त्यात बारीक गवत काढिले, आणि शेंडा खांद्यावर पसरला. चिमाई म्हणाली, "सुई लावायच्या आधी धन्याला दाखव. गोंदलेलं पुसता येत नाही."

हैबतजी कोळशाचा बाहू घेऊन दरबारी उभा राहिला. महाराजांनी निरखोन विचारिले, "वेल उत्तम. परंतु हा बोकड कोणाचा?"

"घोडा आहे, महाराज," हैबतजी बोलिला, तो दरबार हसला. मग त्याने सुभानजीची हकिकत सांगितली आणि म्हणाला, "हे डागवत नाही. आज्ञा होईल तर चाकरी सोडतो." कारभारी पुढे होऊन म्हणाले, "हुकुमात परकी खूण चालणार नाही असे स्पष्ट आहे." महाराज बोलिले, "ज्याने आमचा दरवाजा राखिला त्याचे हातचे परके कसे? सुई लावा."

हैबतजी बाहेर येऊन पायरीवर मटकन बसला, डोळे भरोन आले, हसूही आले, आणि सहा दिवसांत पहिल्याने त्यास सपाटून भूक लागली. दुसरे दिवशी सकाळी तो गोंदावयास गेला, तो दरबारचा निवाडा ऐकोन चिमाईचे दारी सात अंगरक्षक आधीच बाह्या सारून बसले होते. कोणाचे दंडावर विंचू, कोणाचे मनगटावर मेलेल्या लेकीचे नाव, एकाचे तर बायकोचे नावच चुकीचे गोंदलेले. सगळे भयाने आजवर मुकाट होते. चिमाई कपाळास हात लावोन म्हणाली, "अरे, आधी का नाही बोललात?" एवंच, त्या साली कोणी डागिला गेला नाही, बाहू भरले, आणि माणसे होती तैशीच चाकरीस राहिली. इति.