काकांना पटेल ती गाडी

गुणवंतने मुलीला गाडी घेऊन द्यायचं कबूल केलं, पण एका अटीवर. गाडी थोरला भाऊ नाथादादा पसंत करणार आणि घरीही तोच चालवत आणणार. अट ऐकून घरात सगळ्यांना बरं वाटलं. एकट्या नाथाकाकांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला, कारण नाथाकाकांना गाडी चालवता येत नव्हती.

हे ठाऊक होतं दोघांनाच, एक ते स्वतः आणि दुसरी त्यांची बायको सुलू. बाकी अख्खं खानदान, रत्नागिरीकडच्या गावापासून भाईंदरच्या सोसायटीपर्यंत, असं धरून चाललं होतं की नाथाने उभा जन्म कंपनीच्या मोठ्या साहेबांची गाडी चालवली. वास्तविक काका साहेबांचे शिपाई. फायली आणि जेवणाचा डबा मांडीवर घेऊन ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं आणि साहेबांसाठी दार उघडायचं, एवढंच काम. एकदा साहेब गोव्याला जाताना वाटेत गावात थांबले. ड्रायव्हर आडोशाला गेला होता, काका काच पुसत उभे होते आणि नेमका तेव्हाच गाव गोळा झाला. कोणीतरी म्हणालं, नाथा मोटार चालवतो बरं का. काकांनी मनात म्हटलं, उद्या सांगू. तो उद्या काही उजाडला नाही. खोटं ते कधी बोलले नाहीत हो, नुसते गप्प राहिले. पण गप्प राहणंही कधीतरी अंगाशी येतंच.

आजवर निभावलं, कारण नात्यात कोणाकडे गाडीच नव्हती. आता गुणवंतच्या स्वप्नालीला ती हवी होती, आणि चैनीसाठी नव्हे. पोरगी ठाण्यापलीकडच्या विद्यापीठात एमएस्सी करत होती. सकाळी आठला प्रॅक्टिकल. भाईंदरहून एक बस, घोडबंदर रोडवर दुसरी, ती भरून आली की तिच्या मागची, आणि वरसावेला कोंडी झाली की सगळंच मुसळ केरात. हजेरी इतकी घसरली होती की अशीच राहिली तर परीक्षेला बसता येणार नाही, असं सरांनी बजावलं होतं. तिचं मागणं साधं होतं. गाडी लहान हवी, जुनी चालेल, पेट्रोल कमी खाणारी असावी, रंग कसलाही असू दे. लायसन्स तिने सुट्टीत काढून ठेवलं होतं, पण हायवेवरचे ट्रक पाहिलेल्या गुणवंतचा तिच्यावर भरवसा नव्हता. त्याचा भरवसा दादावर.

पहिली गाडी मीरा रोडला जुन्या गाड्या विकणाऱ्या एका दुकानात पाहिली. लाल होती, स्वप्नालीला बघताक्षणी आवडली. दुकानदाराने किल्ली काकांच्या पुढ्यात धरली. "अंकल, एक चक्कर मार के देखो ना."

काकांनी हात पाठीमागे नेले. आता काहीतरी बोलणं भाग होतं. त्यांनी दुकानदारालाच इंजिन सुरू करायला लावलं, बॉनेटला कान लावला आणि डोळे मिटले. इंजिन इंजिनासारखं वाजत होतं. "नको," ते गंभीरपणे म्हणाले, "हिच्या आवाजात दम नाही."

गुणवंतने भावाकडे असं पाहिलं की जणू धन्वंतरीच नाडी बघतोय. दुसरी गाडी एका डॉक्टरीणबाईंची होती, पांढरी, अगदी लख्ख ठेवलेली. काका तिच्याभोवती फिरले आणि म्हणाले की इतकी स्वच्छ आहे म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. तिसरीचं दार फार हलकं लागलं, चौथीचं फार जड.

त्यात ती नाकारलेली लाल गाडी तिसऱ्या मजल्यावरच्या चंदनने घेतली आणि आठवडा व्हायच्या आत वरसावेच्या पुलाच्या चढावर ती धूर सोडून बंद पडली. टेम्पोला बांधून ती ओढत आणल्यावर चंदन तडक काकांच्या दारात आला आणि वाकून पाया पडला. "काका, आपने सिर्फ कान लगाया और पकड लिया. मीच येडा."

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली होती, पण ते ऐकायला कोण बसलंय! रविवारी सकाळी खाली गाड्यांची रांग लागू लागली. काका बॉनेटवर कान टेकायचे, थोडा वेळ घ्यायचे आणि ऑइल बदला म्हणून सांगायचे. ऑइल बदलल्याने कोणाचं नुकसान होत नाही, एवढं ड्रायव्हरशेजारी बसून त्यांना कळलं होतं. लोक ऑइल बदलायचे आणि गाडी कशी लोण्यासारखी चालते ते सांगायला परत यायचे. नाव वाढत गेलं, तसे काका जास्तच घाबरत गेले.

एका संध्याकाळी स्वप्नाली काकूच्या हातचं जेवायला आली आणि वरणभात कालवता कालवता ताटावरच पेंगली. त्या दिवशीही प्रॅक्टिकल हुकलं होतं. सुलूने तिला उठवून आत निजवलं आणि बाहेर येऊन नवऱ्यासमोर बसली.

"तुमच्या नावापायी पोरीचं वर्ष जाणार आहे," ती म्हणाली. "सांगून टाका."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांचं राहू दे. ती काय म्हणेल ते बघा."

काकांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी ठरवलं, आता जी गाडी दिसेल तिला हो म्हणायचं. मग जे व्हायचं ते होवो.

ती दिसली चेणे गावात. आत्माराम नावाच्या माणसाची, करड्या रंगाची, लहानशी. मालकाने अंगणात खाट टाकली, पाणी दिलं. "गाडीत काय बी खोट न्हाय," तो म्हणाला. "पोराला मोठी घेतली म्हनून देताव. चालवून बगा."

काकांनी कान लावला नाही. "घ्या," ते म्हणाले, "ही चांगली आहे." गुणवंतने लगेच व्यवहार उरकला, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला आणि मोबाइल वर धरून शूटिंग सुरू केलं. तो स्कूटरने मागून येणार होता. आत्मारामने किल्ली काकांच्या हातावर ठेवली.

काकांनी एक श्वास घेतला. आता सगळं सांगून टाकायचं, असं त्यांनी खरोखरच योजलं होतं. पण त्यांचे पाय आपल्या सवयीने चालू लागले. ते गाडीला पुढून वळसा घालून गेले, डावीकडचं दार उघडलं, आत बसले आणि मागे न बघता पट्टा ओढून लावला. मांडीवर फाइल नव्हती म्हणून हातातली पिशवी ठेवली. ड्रायव्हरची जागा रिकामी. किल्ली काकांच्या मुठीत.

स्वप्नाली खिडकीशी आली आणि तिने तळहात पुढे केला. "द्या काका. मीच चालवते."

गुणवंतचा मोबाइल खाली आला. "तू? हायवेवर?"

"काका शेजारी आहेत ना."

गुणवंतने क्षणभर विचार केला आणि त्याचा चेहरा उजळला. म्हणजे दादा तिला तयार करतोय. तो पुन्हा शूटिंग करू लागला.

घोडबंदर रोडला लागल्यावर काका जन्मभर करत आले तेच करू लागले. डावीकडून ट्रक येतोय, त्याला जाऊ दे. पुढचा रिक्षावाला थांबेल, वेग कमी कर. आता निघ. स्वप्नाली ऐकत होती आणि गाडी नीट चालली होती. वरसावेला नेहमीसारखी कोंडी लागली तेव्हा ती पुढे बघतच म्हणाली, "मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. त्या दुकानदाराने किल्ली पुढे केली, तर तुम्ही गरम तव्याला हात लागल्यासारखे मागे झालात."

काकांनी विचारलं, "मग बोलली का नाहीस? तुझंच नुकसान होत होतं."

"बोलले असते तर बाबांसमोर तुमचं काय राहिलं असतं? वाटलं, तुम्हीच सांगाल."

काकांचे डोळे भरून आले. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "आज सांगतो. सगळ्यांना."

सोसायटीच्या फाटकाशी सुलू तबक घेऊन उभी होती. चंदन होता, रविवारच्या रांगेतले सगळे होते. ओवाळून झालं. काका उतरले आणि घसा साफ करून मोठ्याने म्हणाले, "ऐका सगळे. मला गाडी चालवता येत नाही. कधीच येत नव्हती. मी साहेबांच्या ड्रायव्हरशेजारी नुसता बसायचो."

मग चंदनने हात जोडले. "देखा? एवढा मोठा माणूस, पण जरा घमंड नाही." माना डोलल्या. गुणवंतला तर हुंदकाच आला. "दादा पहिल्यापासून असाच," तो शेजाऱ्याला सांगू लागला. "पोरीच्या हातात गाडी दिली आणि श्रेयही तिलाच दिलं."

काकांनी पुन्हा एकदा सांगून पाहिलं. तेव्हा लोकांना ते अधिकच थोर वाटले. शेवटी ते सुलूकडे बघत राहिले. तिने तबकातला पेढा त्यांच्या तोंडात घातला.

स्वप्नाली परीक्षेला बसली. मध्यंतरी एका दुपारी ती काकांना घेऊन गेली आणि त्यांचं शिकाऊ लायसन्स काढून आणलं, त्याचा बभ्रा केला नाही. आता दर रविवारी भल्या सकाळी करडी गाडी फाटकाबाहेर पडते. मागच्या काचेवर लाल एल चिकटवलेला असतो आणि वॉचमन उठून सलाम करतो. काका पोरीला अजून शिकवतायत म्हणून सोसायटीत कौतुक चालतं. रांग आता संध्याकाळी लागते.

गाडी उत्तनच्या पुढे, चौक गावाकडच्या रस्त्यावर थांबते, जिथे ओळखीचं कोणी नसतं. दोघं खाली उतरतात. काका गाडीभोवती पूर्ण वळसा घालतात, गंभीर चेहऱ्याने डावीकडचं दार उघडतात, आणि तिथे स्वप्नाली आधीच पट्टा लावून बसलेली असते.

"उजवीकडे, काका," ती म्हणते.