भागुजी अण्णांच्या बैठका

भागुजी अण्णांशी बोलायचं म्हणजे मान वर-खाली करावी लागते. कारण हा माणूस बोलता बोलता बैठका मारतो. वाक्य आपल्या डोळ्यांसमोर सुरू होतं आणि गुडघ्यांपाशी संपतं. नागापूरच्या आमच्या कॉलनीत ते नवीन आले, तेव्हा पहिल्याच भेटीत ते खाली गेले. मला वाटलं, काहीतरी पडलं. मीही वाकून शोधू लागलो.

"काय हरवलं, अण्णा?"

"आळस," म्हणाले आणि वर गेले.

अण्णा मूळचे खर्ड्याचे. एमआयडीसीत लेथ मशीनवर सगळी नोकरी काढली. बायको वारलेली, मुलगी बेलापूरला दिलेली. कुणी भेटलं की 'राम राम' नाही. थेट प्रश्न, "काल काय खाल्लं?" मी एकदा वडापाव सांगितला, तर म्हणाले, "मंग तोंड आसं पडनारच." शेजारच्या काकूंनी लेकीच्या आठवणीनं रडू येतं म्हणून सांगितलं, तर घरी जाऊन वाडगाभर मोड आलेली मटकी घेऊन आले. काकूंना कळेना, ही आपण खायची की लेकीकडं पाठवायची!

वर ऐकवायचे, "मन काय हवेत ऱ्हातं व्हय? त्याला बी भाकरी लागती. त्याला बी हिंडवावं लागतं."

मला गंमत वाटायची. मग माझी कंपनी बंद पडली.

मी घरात बसलो तो बसलोच. झोप येईना, ताट समोर आलं की नको वाटायचं. बायको काही विचारायची आणि मी भिंतीकडं बघायचो. एका सकाळी अण्णा दारात. हातात माझेच बूट.

"चल."

"कुठं?"

"मला काय म्हाईत? चल तर!"

त्यांना खरंच माहीत नसायचं. एकाच चिंचेखालून आम्ही तीनदा गेलो. रस्ता चुकलोय म्हटलं, तर म्हणाले, "चुकू दे. घाम आला का?" रोज हेच. परतल्यावर बाजरीची भाकरी आणि मेथीची भाजी समोर ठेवून, मी खाईपर्यंत बसायचे. म्हणजे, उठबस करायचे.

पुढं मला डॉक्टरकडंही त्यांनीच नेलं. बाहेर बाकापाशी त्यांच्या बैठका सुरू झाल्या. कंपाउंडर गोंधळला. दोघांकडं आळीपाळीनं बघत म्हणाला, "पेशंट कोण?"

येताना मी विचारलं, "अण्णा, तुमचा गोळ्यांवर विश्वास आहे?"

"गोळी डॉक्टरनं द्यायची, भाकरी घरच्यांनी. चालायचं मातर ज्याचं त्यानं."

कोणत्या दिवसापासून बरं वाटू लागलं, सांगता येणार नाही. एका दुपारी मी आमटी पुन्हा मागितली आणि बायको पातेलं तिथंच ठेवून पदरानं डोळे पुसू लागली. मला आधी कळेचना, काय झालं ते.

नंतर एकदा दोन दिवस अण्णा आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. दार नुसतं लोटलेलं. सकाळचे दहा वाजले तरी अण्णा खाटेवर भिंतीला टेकून बसलेले. दाढी वाढलेली. चूल गार.

"ताप आहे का?"

"न्हाई."

"मग?"

गुडघ्यांकडं बघत बोलले, "ही गेल्यापासनं मदीच आसं हुतं. उठूच वाटत न्हाई. कुनाला उठवायला जायचं आसलं, की आपल्याला बी उठावं लागतं. तू बरा झालास. आता कुनाकडं जाऊ?"

इतके दिवस कोण कुणाला चालवत होतं, तेच कळेना. डॉक्टरकडं जाऊ म्हटलं, तर त्यांनी नुसती मान हलवली. हो की नाही, तेही समजलं नाही.

काहीतरी करायचं म्हणून मी स्वयंपाकघरात शिरलो. आयुष्यात कधी पिठलं केलं नव्हतं. डबे उघडले, बेसन सापडलं. पिठल्यात गुठळ्या झाल्या, फोडणी करपली. शिळी भाकरी होती, ती कुस्करून ताट त्यांच्यापुढं ठेवलं.

अण्णांनी एक घास घेतला. बराच वेळ चावला. मग खाटेवर थोडं सरकून त्यांनी जागा केली आणि ताट मधोमध ओढलं.

"बस," म्हणाले. "एकट्याला जात न्हाई रे."