नऊ इंची स्क्रीन आणि नझीरभाईंचा खोकला

टेप बदलायचा निर्णय हुझैफाने चहात पाव बुडवता बुडवता घेतला, आणि पाव वर काढेपर्यंत मोबाइलवरून नव्या स्क्रीनची ऑर्डर गेलीसुद्धा. (पावाचा अर्धा तुकडा कपातच राहिला. ती एक सूचना होती म्हणा ना. पण हुझैफा सूचना वाचणाऱ्यांतला नव्हता. स्क्रीनसोबत आलेली छत्तीस पानी पुस्तिकाही त्याने डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली.)

त्याचं दुखणं साधं होतं. बोर्ली पंचतनला त्याच्या अब्बांची, म्हणजे नझीरभाईंची बेकरी. बेकरीचा एक पिकअप. आणि त्या पिकअपमध्ये एकोणीस वर्षांपूर्वीचा कॅसेटचा टेप. मधल्या काळात गाड्या दोन बदलल्या, टेप तोच. टेपाची वायर टपावरच्या भोंग्याला जोडलेली. सकाळी साडेसहाला गाडी आळीत शिरली की भोंग्यातून नझीरभाईंचा तरुणपणीचा आवाज निघे, "पाव, बटर, खारी... गरम हाय, गरम हाय..." मग एक दणदणीत खोकला. मग पुन्हा "गरम हाय."

तो खोकला रेकॉर्डिंगच्या वेळीच आला होता. दुसरी कोरी कॅसेट घरात नव्हती, म्हणून तो राहिला तो राहिलाच. आळीतली पोरं शाळेत जाताना त्याची नक्कल करत.

"खाण्याच्या वस्तूची जाहिरात, आणि त्यात खोकला!" हुझैफा बायकोला म्हणाला. "जगात कुठे चालतं हे?"

लाइबा हायस्कुलात विज्ञान शिकवायची. नववीचे पेपर तपासता तपासता तिने विचारलं, "इथे चालतंय ना?"

"चालतंय म्हणून चालवायचं? आपल्या लोकांचं हेच चुकतं!"

"बरं. पण आधी त्या कॅसेटमधला आवाज मोबाइलमध्ये उतरवून ठेवा."

हुझैफा फक्त हसला. जुन्याच्या मोहातून सुटलेला माणूस हसतो तसा.

हुझैफा बी.एस्सी. झाला होता. दोन वर्षं न्हावा शेव्याला एका मालवाहतुकीच्या ऑफिसात बसून 'कंटेनर कुठे आहे' या एकाच प्रश्नाला रोज साठ उत्तरं देत होता. एके दिवशी त्याला वाटलं, आपलं आयुष्य दुसऱ्यांचे कंटेनर शोधण्यात जाणार. राजीनामा दिला आणि गावी आला. बेकरी सुधारायची, प्लास्टिकच्या पिशव्या बंद करायच्या, आणि 'खरं सांगू का' नावाच्या आपल्या चॅनेलवर वस्तूंची परखड परीक्षणं करायची, असा त्याचा तिहेरी कार्यक्रम होता. (चॅनेलला त्रेसष्ट सभासद होते. त्यांतले सतरा नात्यातले, आणि एक तो स्वतः.)

नझीरभाई बोलायला फारच कमी. स्क्रीनचा खोका बघून ते एवढंच म्हणाले, "एक फेरी. पाव खपला, तर गाडीचं तू बघ. उरला, तर सोमवारची न्हावा शेव्याची एस.टी. बघ."

हुझैफाच्या छातीत धस्स झालं. पण तो बी.एस्सी. होता. धस्स दाखवून चालणार नव्हतं.

रविवारी दुपारची नमाज झाल्यावर त्याने काम काढलं. लाइबाचा जुना फोन स्टँडवर लावून समोर रेकॉर्डिंग सुरू केलं. "मित्रांनो, गॅरेजवाल्याची गरज नाही. एक स्क्रू ड्रायव्हर आणि विवेक, बस्स!"

पहिल्याच झटक्यात जुना टेप बाहेर आला, आणि त्याच्यामागून कॅसेटची फीत शेवयांसारखी लोंबत आली. हुझैफाने ती हातावर गुंडाळून भंगारात टाकली. (आतून त्याला बरंच वाटलं. खोकला गेला!) मग लक्षात आलं की डॅशबोर्डचं भोक टेपाएवढं आणि स्क्रीन ताटाएवढी. त्याने लोखंड कापायच्या पात्याने डॅशबोर्ड कापला. लाल वायर चावीची, पिवळी बॅटरीची. घड्याळाची वेळ पुसली जाऊ नये म्हणून त्याने दोन्ही एकत्र करून थेट बॅटरीला जोडल्या. आता चावी काढली तरी स्क्रीन बंद होणार नव्हती. ही आपली कल्पकता, असं त्याने कॅमेऱ्याला सांगितलं. भोंग्याची वायर स्पीकरच्या वायरीत खुपसली. गाडी चालवताना फोन हातात धरणं हा गुन्हा, म्हणून येणारा कॉल आपोआप उचलला जाईल अशी सोय केली.

शेवटी चार स्क्रू हातात राहिले.

"आणि मित्रांनो," तो कॅमेऱ्याला म्हणाला, "एकही स्क्रू उरलेला नाही." मग उरलेले चार स्क्रू अम्मींच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर जो डबा उघडा दिसला त्यात टाकले. खरेपणाच्या वाटेवर एवढं एक वळण चालून जाईल, असं त्याला वाटलं.

सोमवारी सकाळी गाडी निघाली. मागे ताडपत्रीखाली क्रेटमध्ये गरम लाद्या, शेजारी नझीरभाई हाताची घडी घालून, समोर स्टँडवर रेकॉर्डिंग करणारा फोन. नऊ इंची स्क्रीन निळी झगमगत होती. कोपऱ्यात थोडी हलत होती, पण झगमगत होती.

"आठ वाजता दुसऱ्या बेकरीचा टेम्पो येतो," नझीरभाई म्हणाले.

"साडेसातला आपण रिकामे असू, अब्बा."

पहिल्या आळीत शिरताच हुझैफाने बटण दाबलं. ते लागलं नाही. बोट दोन इंच खाली नेलं, तेव्हा लागलं. भोंग्यातून एका संगणकी बाईचा मधाळ आवाज घुमला, "सुप्रभात. स्वच्छतेची गाडी आपल्या दारी आली आहे. प्लास्टिक टाळा. कृपया आपापले भांडे घेऊन बाहेर यावे."

(ही जाहिरात हुझैफाने स्वतः लिहिली होती. 'पाव' हा शब्द तिसऱ्या परिच्छेदात येत होता.)

दारं उघडली. हुझैफाचा चेहरा फुलला. "बघा अब्बा! पाच बायका! सगळ्यांच्या हातात भांडी!"

सर्वांत पुढे ठमाबाई होती. तिच्या हातात बादली होती. ती तरातरा गाडीच्या मागे गेली, ताडपत्री वर केली आणि बादली कलती केली.

"मावशी! काय करताय!" हुझैफा उडी मारून धावला आणि बादली वरच्या वर धरली. आत कालच्या बांगड्याची खवलं, डोकी आणि कांद्याची सालं होती.

"वला येगला हाय, सुका येगला हाय," ठमाबाई ठसक्यात म्हणाली. "नीट बघ, मग वरड."

"मावशी, ही पावाची गाडी आहे!"

"पावाची? मग पंचायतीच्या कचऱ्याच्या गाडीतली बाय हितं काय करते?"

हुझैफाने आवाज फुकट मिळणाऱ्या ॲपमधून घेतला होता. पंचायतीनेही तिथूनच घेतला असणार, हे त्याच्या आता ध्यानात आलं. ठमाबाई बादली घेऊन वळली आणि बाकीच्यांना म्हणाली, "चला गो घरात. नझीरभाय अजून येयाचा हाय."

नझीरभाई केबिनमध्येच बसले होते. काच वर होती. त्यांनी नुसतं घड्याळ बघितलं. सात.

दुसऱ्या आळीत उलटं झालं. बाईने "सुप्रभात" म्हटलं आणि उघडी असलेली दारं लागली. येसाजी म्हाताऱ्याच्या खिडकीची फळी तर हुझैफाच्या नाकासमोर मिटली.

"येसाजीकाका, उघडा! मी आहे!"

"घरात कोन न्हाय," आतून आवाज आला.

"मग बोलतंय कोण?"

"मी पन न्हाय. पंचायतीची पानीपट्टी पुढल्या महिन्यात भरतो म्हनून सांगितलंय."

साडेसात झाले. क्रेट भरलेले. लाद्यांची वाफ ताडपत्रीला लागून थेंब धरत होती. हुझैफा गाडीत येऊन बसला. त्याला त्या न्हावा शेव्याच्या ऑफिसातली खुर्ची दिसू लागली, तिचं डावीकडे कलणारं चाक दिसू लागलं. आपण आल्यापासून गावात काय सुधारलं, याचा तो मनातल्या मनात हिशेब करू लागला आणि लगेच थांबला.

"अब्बा, तुम्हीच एक हाक मारता का?"

"डॉक्टरनी वरडायला नको सांगितलंय. तू मार."

हुझैफाने काच खाली केली. "पाव!" तो ओरडला. महाविद्यालयात त्याला वक्तृत्वाचं दुसरं बक्षीस मिळालं होतं. त्याची हाक ऐकून एक कुत्रा उठला, त्याच्याकडे बघून जागा बदलून झोपला.

तेवढ्यात स्क्रीनवर 'अम्मी' अशी अक्षरं आली आणि कॉल आपोआप उचलला गेला.

"हुझैफा!"

हाक भोंग्यातून गेली. आळीच्या टोकाला पिंपळावरचे कावळे उडाले.

"अम्मी, नंतर बोलतो..."

"नंतर न्हाय, आत्ता! आमटीच्या फोडणीत लोखंडाचा स्क्रू मिळाला मला! मोहरी म्हनून डब्यातून उचलली, तेलात टाकली, तडतडली न्हाय म्हनून बघितलं तर स्क्रू! आनखी तीन हायत डब्यात! काल कॅमेऱ्यापुढं कोन सांगत होता, एक पन उरला न्हाय?"

हुझैफाने लाल बटण दाबलं. चार स्क्रूंशिवाय बसवलेली स्क्रीन फ्रेममध्ये वाकडी झाली होती, आणि बोट एकीकडे टेकलं की दाब दुसरीकडे लागत होता. फोन बंद झाला नाही. आवाज वाढला. त्याने पुन्हा दाबलं. आणखी वाढला. त्याने चावी काढली. गाडी बंद पडली. स्क्रीन झगमगतच राहिली. कल्पकता! (फोन त्याच्या खिशातच होता. पण अशा वेळी माणूस स्क्रीनशी भांडतो, खिशाशी नाही.)

"आनि वला टॉवेल!" भोंगा गर्जला. "परत पलंगावर! लाइबाच्या पेपरांवर! नववीची अख्खी तुकडी भिजली!"

"उचलला होता अम्मी, वाळत घातला होता..."

"खोटं बोलू नको! मी हितं पलंगाजवल उभी हाय!"

येसाजीची खिडकी बोटभर उघडली. समोरच्या घरातून दोन डोकी बाहेर आली. पण पाव घ्यायला कोणी आलं नाही. लोक नुसते ऐकत होते.

आणि हे सगळं चाललेलं असताना नझीरभाईंना हसू आलं. ते हसू त्यांनी दाबलं, आणि दाबलेलं हसू घशात गेलं. ते खोकले.

आता अम्मींचा, म्हणजे हुस्नबानूंचा, फोन कायम स्पीकरवर. ("कानाला लावला की कान तापतो," हे त्यांचं म्हणणं.) त्यामुळे गाडीतला खोकला तिकडे स्वयंपाकघरात गेला, भिंतीवर आपटला, अम्मींच्या फोनमध्ये परत शिरला आणि भोंग्यातून बाहेर पडला. दणदणीत. एकोणीस वर्षं या आळीत रोज ऐकू येणारा, अगदी तोच.

दारातली डोकी भोंग्याकडे वळली.

"अगो, नझीरभाय आला!" कोणीतरी ओरडलं.

धडाधड दारं उघडली. येसाजी, जो घरात नव्हता, तो पहिला बाहेर आला. "सहा पाव. आनि दोन बटर. आवाज का बदलला रं? आमी म्हनतो, आज नझीर आजारी बिजारी..." मागून पिशव्या, डबे, पदराचे ओचे आले. वरच्या आळीतून ठमाबाई पळत आली. या वेळी तिच्या हातात स्वच्छ टोपली होती. "हा आमचा पाव! मगाशी खोकला न्हाय, काय न्हाय. आमी वलखायचं कसं?"

हुझैफा लाद्या फोडून देत होता. कान लाल झाले होते. भोंग्यातून अम्मी अजून विचारत होत्या, "हॅलो? कोन हायत एवढी मानसं? हुझैफा, जेवायला किती येनार?"

आठला दुसऱ्या बेकरीचा टेम्पो आला, तेव्हा आळीतली माणसं चहात पाव बुडवत होती. टेम्पो न थांबता गेला.

परतताना हुझैफा म्हणाला, "अब्बा, मी तुमची कॅसेट फेकली. लाइबा नको म्हणत होती. चुकलं माझं."

नझीरभाईंनी स्क्रीनकडे बघितलं. ती एका कोपऱ्यातून लोंबत होती. "गाडी तुझी," ते म्हणाले. "स्क्रीन ऱ्हाऊ दे. ती बाय तेवढी काढ."

"मग भोंग्यावर काय लावू?"

नझीरभाईंनी स्टँडवरच्या फोनकडे बोट केलं. त्याचं रेकॉर्डिंग अजून चालूच होतं.

"अब्बा, त्यात मला शिव्या आहेत!"

"खोकला पन हाय."

हुझैफाने परीक्षण चॅनेलवर टाकलं. परखडपणे सांगितलं, आवाज उत्तम, अगदी खोकलासुद्धा स्वच्छ येतो. स्पर्श बेभरवशाचा. आणि स्क्रू चार उरले होते, खोटं बोललो, माफी असावी. हे शेवटचं वाक्य बोलताना त्याला फार हलकं वाटलं. व्हिडिओ एकोणचाळीस जणांनी पाहिला. त्यातली चार मिनिटं मात्र आता रोज सकाळी तीन आळ्या ऐकतात.

परवा ठमाबाईने पाव घेता घेता विचारलं, "काय रं, आज तरी टॉवेल उचललास का?"

हुझैफाने मान ताठ केली. गेले दहा दिवस तो न चुकता टॉवेल दोरीवर टाकत होता. लाइबा साक्षीला होती. "उचलला मावशी. वाळत घातला."

"खोटं बोलू नको!" टपावरून भोंगा गर्जला. "मी हितं पलंगाजवल उभी हाय!"

आणि मग खोकला.