गाद्यांना ऊन

ऊन पडल्याची बातमी नियमबुवाला ऑफिसच्या खिडकीतून कळली आणि घर गेल्याची बातमी आईच्या फोनवरून. दोन्हींच्या मध्ये जेमतेम एक मीटिंग झाली.

"बाळ्या, इथली माणसं किती रे गुणी!" आई म्हणाली. "आपण उगीच नावं ठेवतो त्यांना."

बुवा सावध झाला. मुलाकडे परदेशात आल्यापासून आईने कुणालाही गुणी म्हटलं नव्हतं. शिवाय आज तिच्या बोलण्यातून हवा फार जात होती. प्रत्येक 'स' फुंकर मारल्यासारखा येत होता.

"काय झालं, आई?"

"व्हायचंय काय? एवढं छान ऊन पडलं म्हणून गाद्या खाली फुटपाथवर टाकल्या. सबंध हिवाळाभर कुबट वास मारत होत्या नुसत्या. तर एक जोडपं आलं बिचारं. गाद्या चाचपून बघितल्या, मला काहीतरी विचारलं. मी आपलं मान हलवून म्हटलं, हो हो, चालेल. तर त्यांनी उचलल्या, गाडीच्या टपावर बांधल्या आणि गेले की घेऊन."

"कुठे?"

"पिंजायला नेल्या असतील."

इथे हे सांगायला हवं की नियमबुवा हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते बायकोने ठेवलं होतं आणि मित्रांनी उचललं होतं. या देशात आल्यापासून त्याने इथले सगळे नियम पाठ केले होते. कचरा कुठल्या वारी कुठल्या रंगाच्या डब्यात टाकायचा, रविवारी भिंतीत खिळा का ठोकायचा नाही, जिन्यात चप्पल किती वेळ ठेवता येते. तो एका लिफ्टच्या कंपनीत इंजिनिअर होता आणि बिनलिफ्टच्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर राहत होता, पण याबद्दल त्याची तक्रार नव्हती, कारण लिफ्ट हवीच असा नियमच नव्हता.

त्याचा सगळ्यात आवडता नियम मात्र एकच. फुटपाथवर ठेवलेली वस्तू टाकून दिलेली समजावी. ज्याला हवी त्याने न्यावी. नवीन असताना त्याने याच नियमावर अख्खा संसार उभा केला होता. सोफा कोपऱ्यावरचा, कपाट शाळेसमोरचं, हिरवं खणाचं टेबल बसस्टॉपजवळचं. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तो सोफ्यावर बसवून हा नियम सांगत असे. आईलाही त्याने विमानतळावरून घरी आणताना सगळे नियम ओळीने सांगितले होते. नेमक्या या नियमाच्या वेळी तिला झोप लागली होती.

"आई," बुवा शक्य तितक्या शांतपणे म्हणाला, "फक्त गाद्याच ना?"

"नुसत्या गाद्या कशाला? आज ती सरकारी बाई यायची ना घर बघायला? मग फरशी नको धुवायला? सगळंच काढलं बाहेर. सोफा, खुर्च्या, कपाट..."

"सोफा कसा काढलास तू?"

"अरे, वरच्या मजल्यावर सामान चढवायला दोन मुलं आली होती, रेड्यांसारखी. त्यांना चहा पाजला. म्हटलं, बाळांनो, जरा हात लावा. लावला."

या देशात नळाची गळती थांबवायला माणूस बोलवायचा तर बुवाला दोन महिने आधी वेळ घ्यावी लागायची. पण हा विचार करण्याची ही वेळ नव्हती. ती सरकारी बाई म्हणजे साधी बाई नव्हती. बुवाने आणि बायकोने कायमच्या वास्तव्याचा अर्ज केला होता. सगळे टप्पे पार पडले होते, उरला होता एकच: दिलेल्या पत्त्यावर ही माणसं खरोखर राहतात का, हे घरी येऊन बघायचं. अनेक जण पत्ता एकीकडचा देत आणि राहत दुसरीकडे. अशांना सामान बांधून परत जावं लागे. आपल्याला निदान ते बांधावं लागणार नाही, एवढाच दिलासा बुवाला सुचला.

त्याने बायकोला फोन केला आणि धावत सुटला.

घराच्या कोपऱ्यावर दोघांची गाठ पडली तेव्हा समोरून एक माणूस त्यांचा लॅम्प हातात घेऊन शीळ घालत जात होता. त्यामागून एक बाई त्यांची इस्त्री करायची फळी घेऊन. फुटपाथवर एकच वस्तू उरली होती, ती म्हणजे सोफा, आणि तोही एक तरुण आपल्या टेम्पोत चढवू पाहत होता.

"अरे, थांबव ना त्याला!" बायको ओरडली.

बुवा त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. "हा सोफा माझा आहे."

"फुटपाथवर होता," तरुण म्हणाला. "नियमाप्रमाणे..."

"नियम माहितीये मला."

"मग?"

बुवाने सगळी कलमं मनात उलटसुलट करून पाहिली. तरुणाचं एका अक्षरानेही चुकत नव्हतं. तेवढ्यात तरुणाने एकट्यानेच सोफ्याला हात घातला. आता जड वस्तू एकट्याने उचलू नये असाही एक नियम होता. बुवाने निमूटपणे दुसरं टोक धरलं.

टेम्पो गेल्यावर बायको बुवाकडे वळली.

"तू आत्ता आपला सोफा त्याला चढवून दिलास?"

"पाठीत उसण भरली असती गं त्याच्या."

यावर तिच्याकडे बरंच उत्तर होतं, पण दारातच तळमजल्यावरची म्हातारी आडवी आली. हिला हे दोघं आपसात 'दुर्बीण' म्हणत, कारण ती चोवीस तास खिडकीत असे. दुर्बिणीने सकाळपासून सगळं पाहिलं होतं. आधी पलंग बाहेर आला, मग पुरुषाच्या कपड्यांसकट कपाट आलं, मग बिनदातांची एक म्हातारी धुळीने पाणावलेले डोळे पुसत बाहेर उभी राहिली. या देशात एवढं सामान एकदम बाहेर पडतं ते फक्त माणूस गेल्यावरच. दुर्बिणीने बायकोला गच्च मिठी मारली.

"फार चांगला होता हो तुमचा नवरा. जिन्यात कधी चप्पल ठेवली नाही त्याने. शेवटी खूप त्रास झाला का?"

"शेवटी नाही," बायको म्हणाली. "आता होणार आहे."

मागे उभ्या असलेल्या बुवाकडे दुर्बिणीचं लक्षच गेलं नाही. गेलं असतं तरी तिने मत बदललं असतं असं नाही.

घरात पाऊल टाकलं तर स्वतःचाच आवाज चारी भिंतींवरून परत आला. मधोमध आई पदर खोचून बसली होती. गालफडं आत गेलेली, पण चेहऱ्यावर दिग्विजय.

"बघ, कशी आरशासारखी झालीये फरशी."

बुवाने पाहिलं. फरशीत त्याला त्याचा पडलेला चेहरा स्पष्ट दिसला.

"आई, निदान आपले टूथब्रश तरी...?"

"झाडू झाले होते त्यांचे! टाकून दिले. नवे आणलेत, पाकिटात आहेत."

दारावरची बेल वाजली.

पडताळणीवाली बाई उंच, सडसडीत आणि इस्त्री केल्यासारखी होती. तिने बैठकीची खोली पाहिली. झोपण्याची खोली पाहिली. दोन्हींत फरक करणं अवघड होतं. मग बाथरूममध्ये जाऊन तिने पाकिटबंद ब्रश दोन बोटांत धरून उजेडाकडे केले.

"इथे कुणी राहत नाही," ती म्हणाली.

"आम्ही राहतो," बुवा म्हणाला.

"कशावर?"

बुवाने फरशीकडे बोट दाखवलं.

"शिवाय खालच्या बाई म्हणाल्या, अर्जदार वारले."

"मीच अर्जदार आहे."

"नक्की?"

बुवाने बायकोकडे पाहिलं. बायकोने, सोफा आठवून, उत्तर द्यायला जरा वेळच लावला.

"काय म्हणतेय रे ती?" आईने विचारलं.

"म्हणतेय, आपण इथे राहत नाही."

"मग काय मी शेजाऱ्यांची फरशी पुसली? आणि तिला उभं का ठेवलंयस? बसायला दे काहीतरी. माझं ते हिरवं टेबल तरी..." आई थबकली. तिचा हात गालावर गेला. "अगं बाई! माझी कवळी!"

"काय?"

"धुळीत काम करायचं म्हणून काढून ठेवली. हिरव्या टेबलाच्या खणात. वाटीत." आईचा आवाज पहिल्यांदाच कापला. "बाळ्या, गाद्या गेल्या तर गेल्या रे. पण दातांशिवाय मी घरी कशी जाऊ? विमानात काय खाऊ?"

बायको तिच्याजवळ जाऊन बसली. बुवाने जड मनाने सगळं बाईला भाषांतर करून सांगितलं. टेबल हिरवं, बुटकं. खणाची मूठ तुटलेली, तिथे जुन्या साडीची लाल चिंधी बांधलेली.

बाईचे कान हळूहळू त्या चिंधीच्या रंगाचे झाले.

आई तोवर खिडकीशी गेली होती. "ते काय! ते बघ, ते काय!" खाली सरकारी गाडी उभी होती. डिकी अर्धवट उघडी, दोरीने बांधलेली, आणि तिच्यातून एक हिरवा पाय बाहेर आलेला.

खोलीत शांतता पसरली. सामान नसल्यामुळे ती फारच मोठी वाटली.

"ते फुटपाथवर होतं," बाई म्हणाली.

"बरोबर," बुवा म्हणाला. "नियमाप्रमाणे ते आता तुमचंच." बायकोने त्याच्या पायावर पाय दिला.

"टेबल त्यांचं असेल," बायको म्हणाली. "पण आतले दात?"

बुवाने डोळे मिटून विचार केला. "दात... नाही. शरीराला लागणाऱ्या वस्तू टाकून दिल्या असं धरता येत नाही. तसं कलम आहे. आणि अर्जदाराच्या घरातली वस्तू अधिकाऱ्याने स्वीकारू नये, असंही एक आहे. ते जरा कडक आहे."

बाई खाली गेली आणि स्वतः टेबल उचलून वर घेऊन आली. त्या बुटक्या टेबलाला किती पायऱ्या चढून यावं लागलं, हे तिच्या श्वासावरून कळत होतं. तिने चिंधी धरून खण ओढला. हलेना. दोन्ही हातांनी ओढला. तरी हलेना.

"सर गं बाजूला," आई मराठीत म्हणाली. बाई सरली. आईने टेबलाच्या डाव्या कुशीवर गुडघा हाणला, वर एक थाप दिली आणि खण आपण होऊन बाहेर आला. आत वाटी. वाटीत दात.

आईने ते नळाखाली धुतले, भिंतीकडे तोंड करून बसवले, 'टक्' असा आवाज झाला, आणि वळून ती भरघोस हसली.

"हं. आता विचार काय विचारायचंय ते!"

बाईने आयुष्यात पुष्कळ घरं पाहिली होती. खोटी पत्रं, उसने फोटो, शेजाऱ्याकडून आणलेली तान्ही बाळं पाहिली होती. पण टेबलाला कुठे गुडघा हाणला की खण उघडतो हे ठाऊक असलेली आणि त्यातले दात तंतोतंत बसलेली व्यक्ती तिला पहिल्यांदाच भेटत होती.

"या घरात एक व्यक्ती निर्विवाद राहते," तिने जाहीर केलं आणि हातातल्या टॅबवर बोटं चालवू लागली. "मुख्य रहिवासी म्हणजे या बाई. तुम्ही दोघं यांचे कोण?"

"मुलगा आणि सून. पण..."

"म्हणजे यांच्याकडे राहता."

बुवाने तोंड उघडलं. आई पाहुणी म्हणून आली होती. पाहुण्याला मुख्य रहिवासी करता येत नाही, हे तिसऱ्या प्रकरणात स्वच्छ लिहिलेलं होतं आणि बुवाला ते तोंडपाठ होतं. वाक्य जिभेवर आलं. बायकोने पाय उचलला. बाईही त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत अधिकार कमी आणि विनवणी जास्त होती. बुवाने आयुष्यात पहिल्यांदा एक नियम गिळला. तो घशात बराच वेळ अडकला.

"हो," तो म्हणाला. "यांच्याकडेच राहतो."

"मंजूर. तिघांनाही कायमचं वास्तव्य. तुम्ही दोघं अवलंबित कुटुंबीय. मुख्य रहिवासी इथे राहतील तोवर." बाईने टॅब बंद केला. "आणि टेबलाचं..."

"कुठलं टेबल?" बायको म्हणाली.

बाई गेल्यावर बुवाने आईला सगळा निर्णय समजावून सांगितला. आईचं परतीचं तिकीट महिनाअखेरचं होतं आणि ती दिवस मोजत होती. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे मी गेले की तुम्हालाही जावं लागणार?"

"हो."

"आणि मी आहे तोवर तुम्ही माझ्याकडे राहणार. माझ्या घरात."

"नियमाप्रमाणे... हो."

आईने जिभेने दात नीट बसलेत ना ते चाचपलं. "बरं," ती म्हणाली. "मग आता माझे नियम ऐक."

पुढच्या रविवारी पुन्हा ऊन पडलं. नव्या गाद्या फुटपाथवर आल्या. या वेळी राखणीला गाद्यांवर बुवाला बसवलं होतं. हलायचं नाही, फोन बघायचा नाही, कुणी विचारलं तर मान हलवायची नाही. बायको आणि आई वर खिडकीत चहा पीत उभ्या होत्या.

एक जोडपं आलं. त्यांनी गादी चाचपली. मग बुवाला नीट न्याहाळलं. आपसात काहीतरी बोलले आणि त्यातल्या बाईने वर खिडकीकडे बघून, आधी गादीकडे आणि मग बुवाकडे बोट दाखवत, काहीतरी विचारलं.

"काय म्हणतेय गं?" आईने सुनेला विचारलं.

"गादी मिळणार नसेल तर नुसता हा चालेल का, असं विचारतेय."

आईने चहाचा घोट घेतला. सुनेकडे पाहिलं. सुनेने खाली बुवाकडे पाहिलं.

"जरा थांबा म्हणावं," आई म्हणाली. "विचार करून सांगतो."