नायिकेची लाल शाल

"तो सिनेमा मी वीस वेळा तरी पाहिलाय, आजी," निकानोर म्हणाला, आणि तिथेच फसला.

पाहिला त्याने एकदाही नव्हता. पण हासिंताशी लग्न करायचं तर तिच्या घरी जाऊन रीतसर मागणी घालायला हवी, आणि त्या घरात होकार द्यायचा अधिकार एकट्या आजीचा. आजी, म्हणजे दोन्या चोले, माणसं पारखायच्या त्या एकाच जुन्या प्रेमपटावर. आजोबा होते तेव्हा आलेल्या एका उमेदवाराने सिनेमा निम्म्यावर यायच्या आत जांभई दिली होती. पुएब्ला शहरातल्या त्या गल्लीत तो पुन्हा दिसला नाही. म्हणून निकानोरने मोलेचा रस्सा ओरपता ओरपता आणखी एक पाऊल पुढे टाकलं. "नायिकेची ती लाल शाल! मी तर तिच्यावरच फिदा आहे."

टेबलावरचे सगळे चमचे थांबले. आजींना भरून आलं असावं, असं त्याला वाटलं.

जेवणानंतर हासिंताच्या वडिलांनी, आबुंदियोंनी, टीव्ही लावला. पडद्यावर एक घोडा आला. करडा. त्याच्यावर करडा माणूस, मागे करडं आभाळ. निकानोर पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होता. नळीतल्या पाण्याला रंग येण्याची वाट किती वेळ पाहायची आणि आशा कधी सोडायची, हे त्याला नेमकं ठाऊक होतं. त्याने आशा सोडली.

तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की आवाजही येत नाहीये.

टीव्हीचा आवाज जाऊन कैक वर्षं झाली होती, आणि दुरुस्तीची कुणाला गरज वाटली नव्हती, कारण सगळ्यांना सिनेमा तोंडपाठ होता. आबुंदियो जमीनदाराचं बोलायचे, हासिंता मोलकरणीचं, आजी नायिकेचं. नायकाचं आजोबा बोलायचे. ते गेल्यापासून सिनेमा लागलाच नव्हता.

आबुंदियोंनी कोपऱ्यातल्या रिकाम्या आरामखुर्चीकडे बोट केलं. "बसा, नायकसाहेब."

दात उपटून घ्यायला बसावं तसा निकानोर त्या खुर्चीत बसला. नायकाच्या मिशा इतक्या दाट होत्या की ओठ वाचायची सोय नव्हती. त्याने तोंड उघडलं की निकानोर नुसतं "हं" म्हणे. मग नायक एका बाईचे हात धरून बोलू लागला. आता "हं"वर भागणार नव्हतं. निकानोरने जीव एकवटून म्हटलं, "तुझे डोळे आठवले की मला झोप लागत नाही."

"ती त्याची आई आहे," हासिंता पुटपुटली.

आबुंदियो खोकले. आजी पडद्यावरच नजर लावून बसल्या होत्या, आणि त्यांचा चेहरा वाचणं त्या मिशांहून कठीण होतं.

मग स्टेशन आलं. वाफेचे लोट, टोपी हातात धरलेला नायक, समोर रडणारी नायिका. सगळे निकानोरकडे वळले. माणसाने टोपी काढलीय, म्हणजे मागणी घालतोय, असा तर्क त्याने बांधला आणि सबंध आयुष्य त्या तर्काला टांगलं.

"जाऊ दे ती गाडी," तो म्हणाला. "मी कुठेही जात नाही. माझ्याशी लग्न कर."

पडद्यावर नायक गाडीत चढला. गाडी गेली. फलाटावर नायिका एकटी उरली.

आजींच्या वाट्याचं वाक्य आलंच नाही. निकानोरने दाराकडे पाहिलं. वाटेत आबुंदियो होते.

"सबंध संसारभर," आजी शेवटी म्हणाल्या, "माझा नवरा दर रविवारी मला त्या फलाटावर टाकून गेला. एकदा तरी थांब म्हटलं, तर म्हणायचा, सिनेमात तसं नाही." त्यांनी निकानोरचा घामेजलेला हात हातात घेतला. "मला मान्य आहे."

"अहो, पण आजी, मी हासिंतासाठी..."

"तिच्याशीच कर रे बाबा. रविवार तेवढे माझे."

आजी उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"आणि पुढच्या रविवारी ती लाल शाल तेवढी दाखव हं मला. इतकी वर्षं बघतेय, मला काही दिसली नाही."