चोवीस इंच एक सूत

एकोणतीस इंच.

माझ्या नजरेत इंचपट्टी आहे! गर्वाने नाही, पुराव्यानिशी सांगतो. तीन महिने मी जेवणाच्या टेबलावर बीन्सचे डबे मांडून नुसत्या नजरेने अंतर सांगायचो आणि ब्रेंडा, माझी बायको, तिच्या शिवणाच्या टेपने पडताळायची.

"सतरा!"

"सतरा."

"साडेबावीस!"

"साडेबावीस. आता जेवायचं का, आर्नॉल्ड?"

कारण गंभीर होतं. आम्ही शिशाचे सैनिक टेबलावर मांडून लढाया करतो. (हसून घ्या.) आमच्यात आधी मोजायला बंदी. आधी जाहीर करायचं, की ह्या तोफेचा गोळा त्या सेनापतीवर. मगच पट्टी. तोफेचा पल्ला चोवीस इंच. अंतर जास्त निघालं की गोळा वाया. टेबलावर कोपर टेकवलं तरी सगळे संशयाने बघतात, कारण कोपरापासून बोटांपर्यंत किती इंच, हे प्रत्येकाला पाठ असतं.

क्लिफर्ड पेपलोशी मी डर्बीत, चर्चच्या हॉलात, एकतीस वर्षं दर शनिवारी खेळलो. एकदाही जिंकलो नाही. आणि मंगळवारी तो कायमचा लेकीकडे न्यूझीलंडला निघाला होता.

म्हणजे शनिवार एकच उरला होता.

सव्वीस.

शेवटची फेरी. शेवटी पूल ज्याचा, जीत त्याची; आणि पूल क्लिफर्डच्या ताब्यात. त्याचा सेनापती मारला तरच मी जिंकणार. माझा मेला तर खेळ खल्लास. त्याची तोफ नि सेनापती टेकडीवर शेजारी शेजारी. माझेही तसेच, बरोबर समोर. मी माझी जोडी थांबवली ती चोवीस इंच एक सुतावर. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एवढ्याशा फटीत मी एकतीस वर्षं ठेवली होती.

"तोफ. तुझ्या सेनापतीवर," चहात बिस्कीट बुडवत क्लिफर्ड म्हणाला.

"विचार कर हं, लेका!"

"केला."

त्याने पिशवीतून पोलादी दोन फुटी पट्टी काढली. क्लबातले सगळे तंटे तिनेच मिटायचे. तिचं टोक माझ्या सेनापतीच्या बुटांवरून पुढे गेलं!

"मेला," क्लिफर्ड म्हणाला.

"शक्यच नाही!"

मी ब्रेंडाचा टेप लावला. चोवीस इंच एक सूत. जिवंत!

"शिवणाचे टेप ताणले जातात रे."

"आणि तुझी पट्टी काय देवाने दिली?"

मग सुताराचा टेप आला, शाळेची पट्टी आली. अर्धा क्लब गुडघ्यांवर बसून टेबल, खुर्च्या, जमीन मोजू लागला. हॉल सांभाळणाऱ्या मिसेस थ्रॉसल दारात थबकल्या. "अखेर मंजूर झाला वाटतं गालिचा! सहा वर्षं अर्ज करतेय!" त्यांनी डोळे टिपले, केक आणला. खरं सांगायची कोणाची छाती झाली नाही. केकही आम्ही खाल्ला.

तासाभराने आमच्या पंच, गणिताच्या निवृत्त शिक्षिका टनिक्लिफबाई, यांनी पट्टी आणि टेप शेजारी ठेवले. पट्टी दोन सुतांनी लांब.

क्लिफर्डने चष्मा पुसला. पट्टीमागची बारीक अक्षरं वाचली. बसला.

"फाउंड्रीतली आहे ही," तो म्हणाला. जन्मभर तो लोखंडाच्या ओतकामासाठी लाकडी साचे करायचा. "लोखंड निवताना आखडतं. म्हणून साचा आधीच मोठा करायचा. ह्या पट्टीचा फूट एक सुताने मोठा असतो. पिशवीत ती कायमच असायची रे... डोक्यातच आलं नाही."

त्याने पट्टी पालथी करून टेबलावर ठेवली.

"म्हणजे मी तुला एकतीस वर्षं खोट्या पट्टीने हरवलं, आर्नॉल्ड?"

"दोघांनाही तीच पट्टी होती, क्लिफर्ड," टनिक्लिफबाई म्हणाल्या.

हे मी म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "मग खरा टेपच लागू!"

"लागू. गोळा वाया. आर्नॉल्ड, तुमची पाळी."

चोवीस.

सगळा हॉल टेबलाभोवती.

"तोफ!" मी ओरडलो. "तुझ्या सेनापतीवर!"

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "नक्की?"

"अरे, जरा थांब..." क्लिफर्ड हळूच म्हणाला.

"आता दयामाया नको, राव! नक्की!"

ब्रेंडाचा टेप लागला.

चोवीस इंच एक सूत.

साहजिकच! तीच टेकडी, तीच जोडी, तेच अंतर. ते चोवीसच्या बाहेर आहे, हे तासभर मीच सगळ्यांना पटवत होतो.

"नियमाने तोफ आधी तीन इंच पुढे ढकलता येते," क्लिफर्ड म्हणाला. "तेच सांगत होतो, गाढवा."

एक सूत.

मंगळवारी टॅक्सीत बसताना त्याने पट्टी माझ्या हातात दिली. "ठेव. आपले शनिवार हिच्यावरच मोजलेत." मी त्याच्या बॅगेचा पट्टा उगाच आवळला.

हल्ली मी ती लढाई जेवणाच्या टेबलावर पुन्हा मांडतो आणि त्याच पट्टीने मोजतो. माझा गोळा बरोबर पोचतो. मी जिंकतो!

"पण ह्या पट्टीने तुझा सेनापती आधीच मेलेला असतो ना?" ब्रेंडाने परवा विचारलं, आणि ताटं मांडायला घेतली.