खाली माणूस आहे

धुरीकाकांच्या प्रत्येक अर्जाचा विषय एकच असतो : खाली माणूस आहे. मग अर्ज पाण्याच्या टाकीचा असो, नाहीतर तिसऱ्या मजल्यावरच्या कठड्यावर ठेवलेल्या कुंडीचा. मुलुंडच्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी, त्यामुळे हे सगळे अर्ज माझ्याच नशिबी येतात.

काकांनी उभा जन्म कारखान्यात क्रेन चालवली. वरून लोखंड सोडायचं तर आधी खाली बघायचं, ही सवय काही रिटायर झाली नाही. एकदा मी स्टुलावर चढून जिन्यातली ट्यूब बदलत होतो, तर आवाज आला, "सेक्रेटरी, खाली माणूस आसा." खाली ते स्वतःच उभे होते. झेंडावंदनाला झेंड्यातून फुलं पडतात, तेव्हाही ते दोन पावलं मागे सरतात.

दर मे महिन्यात पालिकेच्या कंत्राटदाराची माणसं फाटकाबाहेरच्या रेनट्रीच्या फांद्या छाटायला येतात आणि माझं डोकं दुखायला लागतं. वर एक जण करवत चालवतो, खाली एक जण मोबाईल बघतो. ना दोरी, ना पाटी. फांद्या पडत असतात आणि लोक त्यातूनच वाट काढत जातात. काकांबरोबर मी चार वेळा वॉर्ड ऑफिसात गेलो. एका टेबलावर म्हणाले, झाड आमचं, रस्ता आमचा नाही. दुसऱ्या टेबलावर म्हणाले, रस्ता आमचा, झाड आमचं नाही.

"आणि माणूस कोणाचो?" काकांनी विचारलं.

साहेब जेवायला गेले.

यंदा काकांनी घरची कपडे वाळत घालायची दोरी आणली आणि फाटकापासून विजेच्या खांबापर्यंत बांधली. लोक वाकून पलीकडे गेले. एका बाईंनी तर आपल्या स्कूटरसाठी दोरी मलाच उचलून धरायला सांगितली, आणि मी धरली. काका वर गेले आणि एक हिरवी साडी घेऊन आले. धुरीकाकूंची. काकूंना जाऊन दीड वर्ष झालं होतं.

दोरीच्या जागी साडी आडवी बांधली आणि लोक थांबायला लागले.

"दोरी ओलांडतत," काका म्हणाले. "बाईमाणसाच्या साडयेक पाय लावूक कोण धजत नाय."

सिलेंडरवाला तेवढा हुज्जत घालत होता. "अंकल, जाने दो ना, दो मिनट का काम है." काका हलले नाहीत. तोंडात तेच, खाली माणूस आसा. तेवढ्यात मांडीएवढी फांदी कडकडत आली आणि साडीला घेऊनच खाली बसली. सिलेंडरवाल्याची सायकल हातभर अलीकडे होती. तो सायकल वळवून दुसऱ्या गल्लीने गेला. दोरी असती तर ती मीच उचलून धरली असती.

दुपारी माणसं गेली, फांद्या तिथेच. उचलायला दुसरी गाडी येईल म्हणाले. काका साडीतल्या काटक्या वेचत होते. काठाजवळ साडी वीतभर फाटली होती.

"काका, नवा अर्ज लिहूया. मीच लिहितो," मी म्हणालो. मला खरंच लाज वाटत होती.

"लिव मगे. आधी ह्यां टोक धर."

मी धरलं.

"ती गच्चीवरून हाक मारायची, जरा टोक धरा म्हणून. मी म्हणायचंय, पेपर वाचतंय, थांब." काका टोकाला टोक जुळवत माझ्याकडे आले. "आता दर महिन्याक सगळे साडये उन्हात घालतंय. पण एकट्याक घडी जमणा नाय."

त्यांनी घडी बघितली आणि मान हलवली. "तिका वाकडी चलत नाय. परत."

आम्ही साडी पुन्हा उलगडली. माझी जेवायची वेळ टळून गेली होती.

"ही झाली की वर जाऊ, काका," मी म्हणालो. "बाकीच्यापण काढा."

काका आपलं टोक धरून मागे मागे जात राहिले, साडी ताठ होईपर्यंत.